आरडी ३५० चे पॉड फिल्टर आणि त्यानंतरचं कार्ब ट्यूनिंग: फिल्टरला अडीच स्टार, चाचांना पाच

हा रिव्ह्यू दोन गोष्टींचा आहे. एक म्हणजे ऑनलाइन मिळतात ते पॉड फिल्टर, हवा गाळणारे, कॉटनचे, तेल लावलेले, क्लॅम्पने थेट कार्बच्या (हवा नि पेट्रोल मिसळणाऱ्या कार्ब्युरेटरच्या) तोंडावर बसणारे. आणि दुसरी म्हणजे ते बसवल्यावर गाडीची जी वाट लागते ती निस्तरून देणारे पुण्यातले एक चाचा. विकणारे सांगतात खोका उघडा, बसवा आणि उडवा गाडी. बसवायला पाच मिनिटं लागतात हे खरंय, पण टू स्ट्रोकवर खरं काम त्यानंतर सुरू होतं आणि तुमच्याकडे पैसे मोजकेच असतील तर फिल्टर साधा घ्या नि ट्यूनिंगवर खर्च करा, उलटं करू नका.

गाडी राजदूत ३५०, म्हणजे आपल्या भाषेत आरडी. एस्कॉर्ट्सने १९८३ साली फरिदाबादला यामाहाच्या लायसन्सवर बनवायला घेतली ती. माझी लो टॉर्क आहे, कागदावर २७ बीएचपी, आधीची हाय टॉर्क ३०.५ आणि जपानी ओरिजिनल ३९, यावरून समजून घ्या आपल्याकडे मायलेजच्या नावाखाली इंजिन किती दाबून ठेवलं होतं. ३४७ सीसी टू स्ट्रोक, दोन सिलिंडर, सहा गिअर, रीड व्हॉल्व्ह (आत आलेली हवा मागे न जाऊ देणाऱ्या पातळ पट्ट्या), आणि प्रत्येक सिलिंडरला आपापला मिकुनी व्हीएम कार्ब. एक कार्ब सेट करणं वेगळं आणि दोन कार्ब एकमेकांशी जुळवून सेट करणं वेगळं, सगळी गंमत तिथेच आहे.

आता पॉड का घेतले. स्टाइल म्हणून नाही, नाइलाज म्हणून. एअरबॉक्सला, म्हणजे मूळ फिल्टर बसतो त्या डब्याला, तडा गेलेला आणि बॉक्समधून कार्बकडे येणाऱ्या रबरी नळ्या इतक्या कडक झालेल्या की काढताना एक हातातच तुटली. ओरिजिनल मिळत नाही, मिळाली तर किंमत ऐकून पाणी प्यावं लागतं, आणि नाना पेठेत जी डुप्लिकेट मिळते ती पहिल्या उन्हाळ्यातच चिरते. नळीला चीर म्हणजे फिल्टर असून नसल्यासारखा, धूळ सरळ आत. म्हणून पॉड. तुमचा एअरबॉक्स धड असेल तर इथूनच मागे फिरा, नुसता आतला फोम बदला, शंभर-दीडशे रुपयांत काम होतंय, एवढं पुराण वाचायची गरज नाही.

फिल्टरबद्दल आधी लिहून टाकतो. माल वाईट नाही. कॉटन नीट घडीदार आहे, जाळी स्टीलची आहे, क्लॅम्पचा स्क्रू दोनदा आवळला तरी आटे गेले नाहीत. वास मात्र असा की आठवडाभर गॅलरीत ठेवावे लागले. तक्रार आहे ती रबरी मानेबद्दल. कार्बच्या मागच्या तोंडाशी आत डोकावलं की मुख्य भोकाच्या कडेला बारीक छिद्रं दिसतात. ती शोभेची नाहीत, तिथूनच पायलट सर्किटला (कमी थ्रॉटलचं) आणि मेन सर्किटला (जास्त थ्रॉटलचं) हवा जाते, पेट्रोलचा फवारा त्या हवेने फुटतो. या फिल्टरच्या मानेला आतून एक जाड ओठ आहे आणि फिल्टर पूर्ण आत ढकलला की तो ओठ नेमका त्या छिद्रांवर बसतो. मग मिक्स्चर कुठल्या कुठे जातं आणि तुम्ही जेट, म्हणजे पेट्रोल मोजून सोडणारे बारीक भोकाचे तुकडे, बदलत बसता. विकणाऱ्याच्या पानावर याबद्दल एक अक्षर नाही, उलट "सर्व मिकुनीला फिट" असं ठोकून दिलंय. ब्रँडचं नाव लिहीत नाही कारण याच साच्यातले फिल्टर चार वेगवेगळ्या नावांनी विकायला आहेत, नाव बघून काही कळणार नाही. मान आतून कशी आहे ते बघा, आणि कार्बच्या तोंडाचा बाहेरचा व्यास कॅलिपरने मोजूनच ऑर्डर करा.

बसवल्यावर गाडी कशी झाली ते सांगतो. आवाज भारी! एअरबॉक्स गेला की रीडचा तो 'ब्रॅप' उघड्यावर येतो, कोपऱ्यावरची पोरं वळून बघतात. आयडलिंगला ठीक. पण अर्ध्या थ्रॉटलच्या पुढे गाडी पोकळ, मूठ पिळतोय नि पुढे काहीच येत नाही, आणि सिग्नलला रेस सोडली तरी आरपीएम लगेच खाली यायचं नाव नाही, वरच रेंगाळतोय. ज्याला टू स्ट्रोक माहितीय त्याला एवढं ऐकूनच घाम फुटेल. लीन. हवा जास्त जातेय आणि पेट्रोल तेवढंच.

फोर स्ट्रोकमध्ये लीन झालं तर गाडी गरम होते, फटके मारते, तुम्हाला कळेपर्यंत वेळ देते. टू स्ट्रोक देत नाही. इथे आत येणारं पेट्रोलच पिस्टनच्या डोक्याची उष्णता ओढून नेतं, ते कमी पडलं तर फोडणीत तेल कमी पडल्यावर मोहरी जळते तसंच, क्षणात. पिस्टन फुगतो, सिलिंडरमध्ये पकडतो, मागचं चाक लॉक. किंवा पिस्टनच्या डोक्याला सरळ भोक. आणि वाईट म्हणजे त्याच्या जरा आधी गाडी सगळ्यात मस्त पळत असते, लीन गाडी हलकी नि चपळ वाटते, म्हणूनच लोक फसतात.

आधी मी घराजवळच्या एका चकचकीत गॅरेजमध्ये गेलो, कॉफी मशीन वगैरे आहे तिथे. त्यांनी ऐकून घेतलं, एअर स्क्रू फिरवला, आयडलिंग सुंदर केलं, म्हणाले झालं सर, जेट बदलायची काही गरज नाही. आता हा स्क्रू काय करतो ते बघा. व्हीएम कार्बमध्ये तो फिल्टरच्या बाजूला असतो, म्हणजे हवेचा स्क्रू, आत फिरवला की हवा कमी आणि मिक्स्चर रिच, म्हणजे पेट्रोल जास्त. इंजिनच्या बाजूला स्क्रू असलेले कार्ब असतात त्यात तो पेट्रोलचा असतो, तिथे सगळं उलटं. पण दोन्हीकडे त्याची सत्ता फार तर पहिल्या एक अष्टमांश ते पाव थ्रॉटलपर्यंत. पुढे स्लाइडच्या (मूठ पिळली की कार्बमध्ये वर उचलली जाते ती) कटअवेचा, म्हणजे तिच्या खालच्या तिरक्या कापाचा भाग, मग पाऊण थ्रॉटलपर्यंत नीडल, म्हणजे स्लाइडला लटकणारी सुई, आणि त्याच्या पुढे मेन जेट. म्हणजे त्या गॅरेजने जिथे दुखत नव्हतं तिथे मलम लावलं. सिग्नलला उभी गाडी छान, प्लग काढला तर छान तपकिरी, कारण तो आयडलिंगचा रंग होता, आणि हायवेवर पूर्ण थ्रॉटलला तीच गाडी आतून भाजत होती. मी परत गेलो तर मेन जेटलाच घरच्या घरी ड्रिल मारून दिला आणि त्याचे वेगळे पैसे घेतले.

मग एका आरडीवाल्या मित्राने चाचांकडे पाठवलं. रास्ता पेठेच्या बाजूला बोळात दोन शटरचं गॅरेज, पाटी नाही, गुगलवर नाही, म्हणून इथेही नाव टाकत नाही, पुण्यातल्या कुठल्याही जुन्या आरडीवाल्याला विचारा, तो घेऊन जाईल. वय सत्तरीच्या आसपास असावं, डोळ्यांवर घड्याळजीवाली भिंग. गाडी बघितली, फिल्टर बघितले आणि पहिलं वाक्य, "भाऊ, हे काढायचेत का ठेवायचेत ते आधी सांग. ठेवायचे असतील तर वेळ लागेल, घाई केलीस तर दुसरीकडे जा." मी म्हणलं ठेवायचेत. "मग फोन करायचा नाही. झाली की मी करीन."

पहिल्या दिवशी कार्बला हातच लावला नाही. आधी दोन्ही सिलिंडरचं कॉम्प्रेशन बघितलं. मग प्लगच्या भोकात डायल गेज बसवून पॉइंटचं टायमिंग, म्हणजे ठिणगी नेमकी कधी पडते ते, दोन्ही बाजूंचं वेगळं, कारण आरडीला दोन पॉइंट असतात नि माझ्या डाव्या बाजूचं बऱ्यापैकी पुढे गेलं होतं. मग इनटेकच्या रबरांवर, गाडी चालू ठेवून, कार्ब क्लीनरचा हलका फवारा, आरपीएम हलला तर तिथून हवा खेचतोय. उजव्या बाजूला हलला. म्हणजे माझी अर्धी लीन फिल्टरची होती आणि अर्धी फाटक्या रबराची, आणि कॉफीवाल्यांनी यातलं काहीही बघितलं नव्हतं. चाचांचं म्हणणं असं की करंट नीट नसेल किंवा कुठे गळती असेल तर जेट बदलून फायदा शून्य, तुम्ही एका आजाराचं औषध दुसऱ्याला देताय.

फिल्टरच्या मानेचा ओठ त्यांनी ब्लेडने कापून काढला, चांभार कातडं सोलतात तसलं वाकडं ब्लेड, मग मान बाहेरून इतकीच आत जाईल अशी पांढरी खूण केली. त्यानंतर कार्ब खोलले. ड्रिल मारलेले जेट हातात घेतले, उजेडाकडे धरून बघितले आणि काही न बोलता कचऱ्याच्या डब्यात. नंतर समजावून सांगितलं, ड्रिलने भोक मोठं होतं पण आतली भिंत खरबरीत होते, कड फाटते, त्यातून पेट्रोल सरळ जात नाही, आणि डावा-उजवा कधीच सारखा निघत नाही. त्यांच्याकडे जुन्या गोळ्यांच्या डबीत खरे मिकुनी जेट आहेत, षटकोनी डोक्याचे, आणि प्रत्येक जेटचं भोक ते स्वतः पिन गेजने तपासतात कारण बाजारात १७० चा शिक्का मारलेला १५० पण मिळतो. आणि ज्यांनी केहिनचे जेट पडलेत म्हणून वापरायचा विचार केलाय त्यांच्यासाठी, दोन कंपन्यांचे नंबर वेगवेगळ्या हिशोबाने पडतात, तिकडचा १४० म्हणजे इकडचा १४० नाही.

माझ्या गाडीत मूळ १४० होते. चाचांनी सुरुवात केली थेट १९० ने. मला वाटलं जरा जास्तच होतंय, पण टू स्ट्रोकला नियम असा की वरून खाली यायचं, रिचकडून लीनकडे. रिच गाडी धूर ओकेल, घोगरी होईल, प्लग काळे करेल, पण मरणार नाही. खालून वर जायला लागलात तर मधल्या एखाद्या टेस्टमध्येच पिस्टन जायचा. १९० ला गाडी वरच्या आरपीएमला गुदमरायची, फोर स्ट्रोक असल्यासारखी 'बड बड बड'.

टेस्ट पहाटे, दिवे घाटाच्या बाजूला, रस्त्यावर कोणी नसताना. चढ हवा, कारण सपाट रस्त्यावर इंजिनवर तेवढा लोड येत नाही. नवा प्लग, तिसऱ्या गिअरला पूर्ण थ्रॉटल, थोडा वेळ तसाच धरायचा, मग एकाच वेळी क्लच दाबून चावी बंद, आयडलिंगवर एक सेकंद पण येऊ द्यायची नाही, नाहीतर प्लगवरचा रंग खोटा पडतो. गाडी बाजूला घेऊन प्लग काढायचा आणि टोक नाही बघायचं, पांढऱ्या पोर्सलिनच्या अगदी तळाशी, भिंग लावून, तिथे एक बारीक कडं दिसतं. ते कॉफीच्या रंगाचं हवं. पांढरंफटक म्हणजे लीन, काळं ओलं म्हणजे रिच. चाचा मागून मुलाच्या स्कूटरवर यायचे, टॉर्च तोंडात धरून प्लग बघायचे, आणि तिथेच रस्त्याकडेला फ्लोट बाउलखालचा नट खोलून जेट बदलायचे. बाउलमधलं पेट्रोल एका स्टीलच्या वाटीत, सांडू दिलं नाही. असं करत १७० वर येऊन थांबले. डावीकडचं कडं उजवीपेक्षा एक छटा गडद होतं, त्यावर "चालेल, पंधरा दिवस चालव मग बघू."

मधल्या थ्रॉटलसाठी नीडल. नीडलला पाच खाचा असतात, क्लिप एक खाच खाली सरकवली की नीडल वर उचलली जाते आणि मिक्स्चर रिच होतं. एकच खाच पुरली. पायलट जेट एक साइज वर गेला, आणि तो का बदलायचा हे कसं ओळखायचं ते मला आवडलं, गरम इंजिनवर एअर स्क्रू सावकाश फिरवून जिथे आरपीएम सगळ्यात वर जातो ती जागा शोधायची, ती जर स्क्रू जवळजवळ पूर्ण आवळल्यावर येत असेल तर पायलट लहान पडतोय, अडीच आट्यांच्याही बाहेर गेली तर मोठा. माझी कॉफीवाल्यांनी पूर्ण आवळून ठेवली होती. आता दीड आट्याच्या आसपास आहे.

आता सिंक, म्हणजे दोन्ही कार्ब एकाच वेळी सारखे उघडतील असं जुळवणं, जे बघायला मला सगळ्यात जास्त मजा आली. आरडीला मुठीतून एक वायर येते आणि पुढे तिच्या तीन होतात, दोन कार्बला आणि एक ऑइल पंपाला. दोन्ही फिल्टर काढून मागून प्रत्येक स्लाइडखाली एकाच मापाचा ड्रिल बिट टेकवला, स्लाइड त्याच्यावर टेकून बसलेली, आणि मला सांगितलं मूठ फिरव, सावकाश. दोन्ही बिट एकाच क्षणी सुटून खाली वाकायला हवेत. माझ्या गाडीत डावा आधी पडायचा. वायरचा अ‍ॅडजस्टर पाव आटा, परत मूठ, परत पाव आटा. मग गाडी चालू करून मागे उकिडवे बसले आणि दोन्ही सायलेन्सरमागे दोन तळहात धरले, डोळे मिटून. "उजवा जोरात मारतोय." उजवा आयडल स्क्रू केसभर सोडला. व्हॅक्यूम गेज त्यांच्याकडे आहे, भिंतीला टांगलेलं आहे, त्याच्यावर धूळ आहे.

शेवटी ऑइल पंप. हे लोक विसरतात. कार्बच्या वायरी हलल्या की पंपाची वायर पण परत जुळवावी लागते, पुलीवरची खूण बघून, नाहीतर थ्रॉटल वाढतोय आणि तेल मागेच राहतंय. ट्यूनिंग एकदम अचूक, आणि इंजिन तेलावाचून गेलं, असं होऊ शकतं.

अजून एक गोष्ट जी मी विचारली नव्हती तरी त्यांनी सांगितली, पेट्रोल. आता पंपावर ई२० आहे, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं. साध्या पेट्रोलला हवेचं प्रमाण साधारण १४.७ ला १ लागतं, ई२० ला १३.५ च्या आसपास, म्हणजे तोच जेट, तेच सगळं, तरी गाडी आपोआप आठ-नऊ टक्के लीन. इंजेक्शनची गाडी सेन्सर बघून भरून काढते, कार्बला काय कळतंय. त्यात पुणे ५६० मीटरवर, इथे सेट केलेली गाडी घेऊन तुम्ही अलिबागला उतरलात की हवा दाट, अजून लीन. थंडीत पहाटे, अजून थोडी. म्हणून १७० मुद्दामच जरा रिच बाजूला ठेवलाय. महाबळेश्वरला, तिथे साडेतेराशे मीटर, गाडी थोडी जड वाटली आणि धूर जास्त होता, पण ते मला चालतंय. शिवाय जुनी रबरं नि फ्लोटच्या सुईचं टोक ई२० ने लवकर जातं, तेही बदलून घेतलं.

आता गाडी कशीये. मूठ पिळली की साडेचार-पाच हजारच्या पुढे ओढते, मधे खड्डा नाही, रेस सोडली की आरपीएम दगडासारखा खाली. पण खरं सांगायचं तर धड एअरबॉक्सवाल्या, नीट ट्यून केलेल्या मित्राच्या लो टॉर्कपेक्षा माझी फार काही पुढे जात नाही. वरच्या टोकाला थोडी मोकळी आहे, खाली ट्रॅफिकमध्ये उलट जरा मऊ आहे. एअरबॉक्स आतली हवा शांत ठेवतो, दोन्ही कार्बला सारखी देतो, पॉडला ते जमत नाही. एक्स्प्रेसच्या बाजूच्या जुन्या हायवेवर ट्रक शेजारून गेला की हवेचा झोत थेट फिल्टरवर येतो आणि गाडी क्षणभर अडखळते. मायलेज वीसवरून सोळाच्या आसपास. पावसात फिल्टर भिजला तर विचारू नका, मी वरून कापड बांधतो. आणि धुतल्यावर तेल लावताना हात राखून, तेल जास्त झालं तर हवा अडते नि परत सगळं रिच. म्हणून फिल्टरला अडीच, त्यातला अर्धा आवाजासाठी.

चाचांबद्दल तक्रारी पण आहेत, त्या लपवत नाही. वेळ सांगत नाहीत, आणि सांगितली तर पाळत नाहीत. बिल नाही, फक्त कॅश. मधेच कुणाची येझदी आली तर तुमची गाडी भिंतीला. माझ्या टाकीवर एक ओरखडा आलाय जो आधी नव्हता, विचारलं तर म्हणाले "गाडी पळते का?" सगळं मिळून जेट, पायलट, इनटेक रबर, फ्लोटची सुई आणि मजुरी साडेसहा हजार झाले, कॉफीवाल्यांनी नुसत्या स्क्रूचे आणि ड्रिलचे याच्या जवळपास निम्मे घेतले होते. आणि पंधरा दिवसांनी परत नेली तेव्हा डावं कडं पुन्हा बघून नीडल तशीच ठेवली, पैसे घेतले नाहीत.

जाणार असाल तर पावसाळ्यात जाऊ नका, ओल्या रस्त्यावर प्लगची टेस्ट ते करत नाहीत, गणपतीनंतरच गाडी घेतात. जाताना जुने जेट फेकून न देता सोबत न्या, त्यांना आधी काय होतं ते बघायचं असतं. आणि प्लग स्वतःचे न्या, बी८एचएस, दोनपेक्षा जास्तच, विश्वासातल्या दुकानातून, कारण डुप्लिकेट प्लगचं पोर्सलिन खरा रंग दाखवत नाही आणि चाचा ते बघूनच गाडी परत पाठवतात.